बॉटचे कंट्रोलर

आमच्या रक्तदात्यांच्या ग्रुपवर एक बॉट आहे. बॉट म्हणजे माणूस नव्हे, मोबाइलवर आपोआप उत्तरं देणारा प्रोग्रॅम. अमुक दवाखान्यात अमुक गटाचं रक्त पाहिजे असं कुणी लिहिलं, की तो यादी चाळतो, त्या गटाच्या लोकांना निरोप धाडतो आणि विचारणाऱ्याला लगेच लिहितो, "थांबा, विचारतो." बाकीचे बॉट असं बोलत नाहीत. ते "आपली विनंती प्रक्रियेत आहे" असलं काहीतरी बोलतात. आमचाही आधी तसाच बोलायचा, कारण तो मी बनवला होता आणि माझं लिहिण्यातलं मराठी अर्ज लिहून लिहून बिघडलेलं आहे.

"थांबा, विचारतो" हे शब्द सोनकांबळे कंट्रोलरांचे. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. ग्रुपवर रोज नवीन माणसं येतात, त्यांना सोनकांबळे कोण हे ठाऊक असण्याचं कारण नाही. पण बॉट अजून त्यांच्याच तोंडाने बोलतो, आणि हे दोन शब्द दिसले की मला जरा गलबलून येतं. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईने हे कबूल करू नये, पण येतं.

कंट्रोलर म्हणजे एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक. आधी मुखेडला आणि नंतर नांदेडला, उभी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीत काढली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं आणि खिडकीशी आलेल्या माणसाला उत्तर द्यायचं. त्या माइकने त्यांना एक सवय कायमची लावली होती. महत्त्वाचं वाक्य ते दोनदा बोलत. "मॅडम, साखर कमी टाका. साखर कमी टाका." त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, म्हणायच्या, "लग्नाला होकार बी दोनदा दिल्ता ह्यांनी. आमच्या बापाला वाटलं, पोरगा लईच राजी हाय."

निवृत्त झाल्यावर ते रक्तदाता म्हणून ग्रुपवर आले, आणि महिन्याभरात थेट माझ्या कॉलेजात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत पट्टीने रेघा आखलेली एक लांब वही. मी त्यांना "बसा काका" म्हटलं.

"काका घरी. कामाचं बोलायला आलो, कंट्रोलर म्हना," ते म्हणाले. मग वही उघडली. "तुमची गाडी चांगली हाय, मॅडम. पर सात ठिकानी खोळंबा होऊन राहिला."

बॉटमध्ये बिघाड असतो, एरर असते, बग असतो. खोळंबा हा शब्द मी तोवर बंद पडलेल्या एसटीसाठीच ऐकला होता. वहीत रकाने होते: ठिकाण, खोळंब्याचं कारण, काय केलं, गाडी मार्गावर कधी. मला राग आला. आपल्या पोराच्या नाकाला शेंबूड आहे असं शेजाऱ्याने सांगितल्यावर येतो तसा.

पहिला खोळंबा असा. मुखेडकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी बॉटला लिहिलं होतं, "नमस्कार. बरे आहात का? घरी सगळे खुशाल?" रक्ताची गोष्ट ते पुढच्या ओळीत काढणार होते. आधी खुशाली विचारल्याशिवाय काम सांगायचं, ही काय रीत झाली? बॉटने त्यांना तडक उत्तर दिलं, "आदेश चुकीचा आहे." गृहस्थांनी पुढे काही लिहिलंच नाही.

"मानूस तुम्हाला नमस्कार करून राहिला आन् तुम्ही त्याला चुकीचा म्हनता?" सोनकांबळे म्हणाले. "खिडकीवर आलेल्या मानसाला 'तू चुकला' म्हनलं, का तो परत इचारत न्हाई. चुकीच्या गाडीत जाऊन बसतो, पर परत इचारत न्हाई."

मी बीटा, व्हर्जन, सिंटॅक्स असलं काहीबाही बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि रकान्यात लिहिलं: 'मॅडमना सांगितले. मान्य नाही.' ते लिहिलेलं मला उलटं वाचता आलं. त्या संध्याकाळी मी सातही खोळंबे दुरुस्त केले. बॉट नमस्काराला नमस्कार करू लागला, आणि "विनंती प्रक्रियेत आहे" जाऊन तिथं "थांबा, विचारतो" आलं.

तेव्हापासून आमची जोडी जमली. ते खोळंबे शोधायचे, मी दुरुस्त करायचे. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायचे. समोरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांची खुर्ची. तिथं बसून ते बॉटची परीक्षा घ्यायचे, आणि परीक्षा घेताना स्वतः कुणीतरी व्हायचे. "आता मी देगलूरची म्हातारी हाय," असं जाहीर करून शब्दांत जागा न सोडता एका दमात टाइप करायचे. मग रागावलेला जावई व्हायचे, मग वाचता न येणारा माणूस व्हायचे आणि नुसता दवाखान्याच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचे. बॉट गडबडला की त्यांचा चेहरा खुलायचा. काकू चहा ठेवत म्हणायच्या, "जलमभर परवाशी झेलले. आता सोताच परवाशी होऊन बसलेत."

त्यांचं डोकं कसं चालायचं ते एका गोष्टीवरून सांगते. नाव नोंदवताना बॉट विचारायचा, "तुमचं गाव?" साधा प्रश्न. एकदा नांदेडातच रक्त हवं होतं, आणि बॉट म्हणाला, नांदेडात या गटाचं कुणी नाही. एवढ्या मोठ्या शहरात कुणीच नाही? सोनकांबळ्यांनी यादी काढून घेतली. मुखेडचे ढीगभर, उमरीचे ढीगभर, कंधारचे, बिलोलीचे. त्यांनी एकेकाला फोन लावला. सगळे नांदेडात. कुणी स्टेशनमागे राहतो, कुणी कॉलेजच्या बाजूला. पंधरा-पंधरा वर्षं झालेली, घरं बांधलेली. पण गाव विचारल्यावर माणूस गावच सांगणार ना? लग्न झालेल्या बायकांनी तर सरळ माहेर लिहिलं होतं.

"असे कसे हो लोक," मी म्हटलं.

त्यांनी वहीतून नजर न काढता विचारलं, "तुम्ही काय लिवलं, मॅडम?"

मी उमरी लिहिलं होतं. उमरीला आता आमचं एक चिंचेचं झाड सोडून काही नाही.

तिथं त्यांनी नवा प्रश्न घातला: "आज मुक्काम कुठं?" दोन शब्दांच्या जागी तीन आले आणि नांदेड शहर एका आठवड्यात माणसांनी भरून गेलं.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती सांगायला मला आवडत नाही. पण ती वगळून सोनकांबळे सांगताच येणार नाहीत.

झालं असं, की दात्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. बॉट एका वेळी सगळ्यांना विचारायचा, मग एका पेशंटसाठी चारजण पोचायचे आणि तिघांना परत जावं लागायचं. एकजण तर लोह्याहून गाडी करून आला आणि तसाच परत गेला. सोनकांबळ्यांना ते फार लागलं. "रक्त द्यायला आलेल्याला माघारी पाठवायचं? पाप हाय ते." त्यांनी उपाय सुचवला. पहिला माणूस "हाव, निघालो" म्हणाला, की बॉटने बाकीच्यांना विचारणं थांबवायचं आणि नातेवाइकांना कळवायचं, 'रक्तदाता निघाले आहेत.'

"आणि तो आलाच नाही तर?" मी विचारलं.

खरं तर हे त्यांना माझ्याहून जास्त कळायला हवं होतं. स्टँडवरचा त्यांचा आवडता किस्साच तो होता. बाई खिडकीशी येते, म्हणते, साहेब, दोन मिन्टं गाडी थांबवा, आमचे मालक आलेच, कोपऱ्यावर हायेत. आणि मालक तेव्हा घरी, दाढीला साबण लावून बसलेले. आपल्याकडे निघालो म्हणजे निघण्याचा विचार मनात आला, हे ते आम्हाला हसत हसत सांगायचे. पण त्या दिवशी ते हसले नाहीत. म्हणाले, "मानूस गाडीसाठी खोटं बोलंल, मॅडम. रक्तासाठी न्हाई बोलनार. न्हाई बोलनार."

मी मान डोलावली आणि कोड लिहिला. ठरावीक वेळात दाता पोचला नाही तर पुन्हा विचारणं सुरू करायचं, एवढी चार ओळींची सोय करावी असं माझ्या मनात आलं होतं. पेपर तपासायचे होते. राहून गेलं.

तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुखेड तालुक्यातल्या बालाजी नावाच्या माणसाने लिहिलं. बहीण नांदेडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह पाहिजे होतं. नांदेडच्या एका दात्याने मिनिटभरात उत्तर दिलं, "हाव, निघालो." बॉटने बालाजीला कळवलं आणि विचारणं थांबवलं.

बारा वाजले, एक वाजला. बालाजीने लिहिलं, "अजून आले नाहीत." बॉट म्हणाला, "रक्तदाता निघाले आहेत. धीर धरा." दोन वाजता त्याने पुन्हा लिहिलं, बॉटने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच. सोनकांबळ्यांनी ते वाचलं तेव्हा तीन वाजायला आले होते. ते रिक्षाने दवाखान्यात पोचले. त्यांचा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह, त्याचा काही उपयोग नव्हता. मग जिन्यात उभं राहून त्यांनी वहीतून एकेक नंबर लावला. पाचव्या फोनला एक शिकवणीवाले सर मिळाले, मुलांना तसंच वर्गात बसवून ते आले. बहीण वाचली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं.

तो पहिला दाता संध्याकाळी सहाला धावत आला. कपाळाला कुंकू, खांद्यावर आहेराचा टॉवेल. उमरीला मेहुण्याचा साखरपुडा होता, जेवणं उरकली की निघायचं त्याच्या मनात होतं. सोनकांबळे त्याला रागावले नाहीत. समोरच्या टपरीवर घेऊन गेले, चहा पाजला आणि एवढंच विचारलं, "तुम्हाला न्हाई म्हनायला काय झालं वो?"

तो बिचारा रडवेला झाला होता. म्हणाला, "रक्ताला न्हाई कसं म्हनावं, साहेब? बरं दिसतं का?"

दुसऱ्या दिवशी सोनकांबळे मला घेऊन वॉर्डात गेले. बालाजी होता, त्याची आई होती, आणि भिंतीकडे तोंड करून झोपलेली ती मुलगी. बालाजीने विचारलं, "तुम्ही कोन म्हनायचे?"

"काल मोबाइलवर तुम्हाला 'धीर धरा' म्हनत व्हता ना," सोनकांबळे म्हणाले, "त्यो मी. त्यो मी."

"ती तं मशीन व्हती ना वो?"

"मशीनला काय कळतंय. तिला म्या शिकवलं व्हतं."

मग म्हातारी आई पुढे झाली. ती म्हणाली, "न्हाई म्हनला असता तर दुसरीकडं पळालो असतो की, दादा. हाव म्हनला म्हनून बसून ऱ्हायलो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ते अगदी साध्या आवाजात, उन्हाबद्दल बोलावं तसं सांगितलं. सोनकांबळ्यांनी तिच्यापुढे हात जोडले. मी त्यांच्या मागे उभी होते. कोड माझा होता, त्या चार ओळी मी लिहिल्या नव्हत्या, आणि मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते. रिक्षात बसल्यावर मी कसंबसं म्हटलं, "काका, चूक माझी होती."

"गाडी कुनीबी चालवू द्या," ते बाहेर बघत म्हणाले, "परवाशाला कोन बोललं? मीच बोललो न्हवं." मी काका म्हटलं होतं, ते त्यांनी चालवून घेतलं.

वहीत त्या खोळंब्याच्या कारणात त्यांनी लिहिलं, 'लोकांना नाही म्हणता येत नाही.' पुढचे दोन महिने आम्ही फक्त त्यावर काम केलं. मी 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं दिली. 'नाही' कुणीही दाबेना. लोक गप्प बसायचे किंवा 'हो' दाबून साखरपुड्याला जायचे. सोनकांबळे म्हणाले, "मानसाला न्हाई म्हनायला जागा करून द्या. त्याची इज्जत ठिवून." मग त्यांनी स्वतः शब्द लिहिले: 'आज जमत नाही, पुढच्या वेळी नक्की विचारा.' ते बटण पहिल्याच दिवशी नऊजणांनी दाबलं. मला वाईट वाटलं, त्यांना आनंद झाला. "नऊ मानसं खरं बोलली, मॅडम," ते म्हणाले.

'निघालो' हे बटण उंबरठा ओलांडल्यावरच दाबायचं, अशी सूचना त्यांनी घातली. दहा मिनिटांनी बॉट विचारायचा, "कुठपर्यंत आलात?" आणि नातेवाईक स्वतः 'मिळालं' म्हणेपर्यंत विचारणं थांबवायचं नाही. कुणीच नसेल तर गोड बोलायचं नाही. तेव्हा बॉट लिहितो, "अजून कुणी निघालं नाही. दुसरीकडंही बघा. मी विचारत राहतो." ही तिन्ही वाक्यं त्यांची.

गंमत म्हणजे बॉटला शिकवता शिकवता ते स्वतःच तसे झाले. कुणी लग्नाला बोलावलं, येताय ना म्हणालं, की सगळे जण येतो म्हणतात. हे म्हणायचे, "आज जमत न्हाई." भावकी रुसली. काकू वैतागल्या, "नुस्तं हाव म्हनायला काय पैसे पडतेत?" माझ्याकडे यायचे असले की त्यांचा 'निघालो' असा निरोप यायचा, आणि तो आला म्हणजे ते खरोखर रिक्षात बसलेले असायचे. मी त्यावर चहा टाकायचे. चहा कधी निवला नाही.

पासष्ट पूर्ण झालेल्या दात्यांना यादीतून वगळायचा नियमही त्यांनीच लिहून घेतला होता. त्याचा निरोपही त्यांचाच: 'तुम्ही लई दिलं. आता दुसऱ्याला पाठवा.' एका सकाळी तो निरोप त्यांच्याच मोबाइलवर आला. मी तेव्हा समोर बसले होते. त्यांनी चष्मा लावून वाचला, मला दाखवला, म्हणाले, "बरोबर हाय. खोळंबा न्हाई. बरोबर हाय." पण त्या दिवशी त्यांनी बॉटची परीक्षा घेतली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं, डॉक्टरांनी त्याचं नाव सांगितलं तेव्हा काकू उठून आत गेल्या. मुलगी लातूरला शिक्षिका होती, तिने तिकडे न्यायचं ठरवलं. पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवट मला तिथं करायचा नाही. लातूरला त्यांना दोनदा रक्त लागलं. मुलीने ग्रुपवर वडिलांचं नाव न घालता मागितलं, तशी त्यांचीच ताकीद होती. बॉटने लिहिलं, "थांबा, विचारतो." तिने ते त्यांना वाचून दाखवलं. ते हसले म्हणे, आणि म्हणाले, "बोलतोय बरोबर." दोन्ही वेळा रक्त मिळालं. तिसऱ्यांदा मागायची वेळ आली नाही.

लातूरला जायच्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेले होते. शर्ट पांढराच होता, पण आतला माणूस अर्धा झाला होता. मुलीने मोटार करू म्हटलं होतं, ते एसटीवर अडून बसले. माइकवर कुणी तरुण बाई गाड्या सांगत होती. ते डोळे मिटून ऐकत होते आणि प्रत्येक घोषणेला मान हलवत होते. निरोप द्यायला आलेले सगळे म्हणत होते, बरे होऊन या, महिन्याभरात परत याल बघा. त्यांनी कुणालाच हो म्हटलं नाही.

गाडीत चढण्याआधी त्यांनी वही माझ्या हातात दिली. पुढच्या कोऱ्या पानांवर पट्टीने रकाने आखून ठेवलेले होते, शेवटच्या पानापर्यंत. माझ्याने राहवलं नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी जे शिकवलं ते विसरून मीही इतरांसारखंच विचारलं, "परत याल ना, काका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं हाव म्हणायला त्यांना काहीच पडलं नसतं, आणि मला तेच ऐकायचं होतं.

"आज सांगता येत न्हाई, मॅडम," ते म्हणाले. "इचारत ऱ्हावा. इचारत ऱ्हावा."

गाडी मागे आली, वळली. ते खिडकीशी बसले होते, हात वगैरे काही हलवला नाही, मान खाली घालून मोबाइलमध्ये काहीतरी करत होते. मला जरा वाईटच वाटलं. गाडी फाटकाबाहेर पडली, रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, आणि मग माझा मोबाइल वाजला. त्यांचाच निरोप होता.

"निघालो."

तो वाचतेय तोवर दुसरा आला.

"निघालो."